देवळात घेणं

हात मागे घ्यायला तुम्ही सांगितलंत, बिशपसाहेब. ओसबर्टच्या अंगात तेवढी धमक नाही. तो वस्तीतला साधा पाद्री, स्वतःच्या कोंबड्यांना हाकलतानाही त्यांची माफी मागणारा. बाळंतपण होऊन महिना उलटला की बाई डोक्यावरून पांढरं वस्त्र घेते, हातात मेणबत्ती धरते आणि देवळाच्या दारात गुडघे टेकते. पाद्री बाहेर येतो, तिचा उजवा हात धरतो, तिला आत नेतो. इतकंच असतं. भिकाऱ्याच्या बायकोला नेतात, चोराच्या बायकोला नेतात. आज सकाळी ओसबर्टचा हात बाहीतून निघाला, निम्म्यापर्यंत आला आणि गोगलगाय शंखात शिरावी तसा परत आत गेला. तुम्ही तिथे नव्हता. तुम्ही नदीकाठच्या तुमच्या मोठ्या घरात शेकोटीपुढे पाय पसरून बसला असाल, माशातले काटे काढून द्यायला माणूस शेजारी असेल. पण तो हात तुम्ही ओढलात. राजाचे कान तुमच्याकडे होते, त्याचं पाप तुमच्याकडे होतं, आणि आता तो मेल्यावर त्याचं पुण्यही तुम्हीच वाटत बसलाय.

हे सगळं हावीसच्या डोक्यात झालं. तोंड मिटलेलंच होतं. गुडघ्याखालचा दगड ओला होता, त्याचा गारठा मांडीच्या हाडापर्यंत चढत होता आणि आपण कुठल्या तरी दुसऱ्याच बाईच्या पायांवर टेकलोय असं तिला वाटत होतं. "बापाचं नाव," ओसबर्ट म्हणाला, आणि खाली बघून त्याने पुस्ती जोडली, "मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाईल असं." ती म्हणाली, "कानात सांगायचं ठरलं होतं, फादर." ओसबर्टने दाराच्या खांबाकडे पाहिलं. खांबाला टेकून थर्स्टन उभा होता, धर्मकचेरीचा समन्स बजावणारा, दाताने हेझलनट फोडत. टरफलं तो खाली टाकत नव्हता, मुठीत साठवत होता. देवाच्या दारात कचरा करू नये एवढं वळण त्याला होतं. "ठरलं होतं," थर्स्टन म्हणाला, "आता बदललं. कानातलं कानातच राहतं, बाई. त्याचा कुणाला उपयोग?"

मागे बायका उभ्या होत्या. भावाची बायको एमोट, सुईण गनोरा, आणि गल्लीतल्या दोघी-चौघी, ज्या एरवी हिच्या सावलीला उभ्या राहिल्या नसत्या पण आजचा तमाशा सोडवत नव्हता. "सांग की गं पटकन," एमोट कुजबुजली, "पावाचं पीठ फुगून ओतू जाईल घरी." कुणीतरी म्हणालं, "आठवत नसेल बिचारीला." दुसरी म्हणाली, "एवढी का थोडी झाली असतील?" मग ते दबलेलं हसू, नाकातून सोडलेलं, थंडीत त्याची वाफ झाली असणार. मागे न बघताही हावीसला कळलं की एमोटही हसली. एमोट वहिनी वाईट नव्हती. महिनाभर तिने हावीसला घरात ठेवून घेतलं होतं, फक्त तिचा वाडगा वेगळा, तिचं बाक वेगळं. देवळात न घेतलेल्या बाळंतिणीने पिठाला हात लावला तर पीठ मरतं, विहिरीवर वाकली तर पाण्यात किडे होतात, चालली तर तिथे गवत उगवत नाही. हावीसने महिनाभर परसातलं गवत पाहिलं होतं. ते उगवत होतं. एकदा मुद्दाम रात्रीचा पाऊस पडून गेल्यावर ती अनवाणी त्यावर चालली, आणि दुसऱ्या सकाळी खिडकीतून बघत बसली. गवत उभं होतं. पण असलं काही सांगायचं कुणाला, आणि सांगून तरी काय, देवळाचं आवार बंद ते बंदच. आणि तिला आवारातच जायचं होतं. भिंतीलगत, यूच्या झाडापाशी, तान्ह्यांना पुरतात तिथे. "छान जागा आहे," गनोराने सांगितलं होतं, "सकाळचं ऊन येतं बघ तिथे." महिनाभर हावीस त्या उन्हावर जगली होती. अंथरुणात पडल्या पडल्या ती ते ऊन मातीवर सरकवायची, हळूहळू, बोटाने सारल्यासारखं, त्या एवढ्याशा जागेवर आलं की थांबवायची. छातीतलं दूध आटेपर्यंत तिने तेच केलं. बापाचं नाव वगैरे तिच्या लेखी काही नव्हतं. तिला आत जायचं होतं आणि त्या मातीवर हात ठेवायचा होता, बस.

तिची बोटं मेणबत्तीवर वळली आणि मेण किंचित दबलं. कातडं दबतं तसं. ती कातडी कमावणाऱ्याच्या घरातली. बापाच्या हौदातल्या चुन्याचा वास तिच्या नाकातून राजाच्या बिछान्यातही गेला नव्हता. कातडं खराब व्हायला लागलं की आधी केस सुटतात, चिमटीत धरून ओढले की न दुखता हातात येतात. शेवटच्या वर्षी राजाचे तसेच यायचे. ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसायची, विंचरताना फणीला राखाडी पुंजके लागायचे, ते ती गुपचूप मुठीत दडवायची आणि विस्तवात टाकायची, म्हणजे त्याला दिसू नयेत. त्याला दिसायचं. "जळतंय कायतरी," तो म्हणायचा, "मीच का गं, कातडेवाली?" पहिल्या दिवसापासून तो तिला हेच म्हणायचा. बापाबरोबर ती झग्याचं अस्तर मापाला घेऊन गेली होती, खारीच्या पोटांचं, आणि त्याने विचारलं होतं की खार मारताना कातडं फाटत कसं नाही. बाप भीतीने गप्प. तिनेच सांगितलं, सगळं, बोथट टोकाच्या बाणापासून कवटीपर्यंत. तो इतका हसला की खोकला लागला आणि नोकर धावले. एवढ्यावरून सुरू झालं. लोकांनी नंतर काय काय केलं त्याचं: चेटूक केलं, वशीकरण केलं, दारूत काहीतरी घातलं. तिने काही घातलं नव्हतं. म्हातारा माणूस होता, त्याला रात्रीची भीती वाटायची आणि त्याच्याशी खरं बोलणारं कुणी नव्हतं. तीही नेहमी खरं बोलायची असं नाही. पण तिला भीती वाटायची नाही, आणि त्याला बहुतेक तोच फरक पुरत होता. प्रेम होतं का, असं तिने स्वतःला कधी विचारलं नाही. त्याच्या पायांना खारीचं कातडं गुंडाळून ते आपल्या पोटाशी धरून बसायचं, आणि ते हळूहळू कोमट होत गेलेले कळायचे. याला काय म्हणतात ते ज्याने त्याने म्हणावं.

आणि तुम्ही बाहेरच्या खोलीत असायचात. हे हावीसच्या डोक्यातून काही केल्या हलत नव्हतं. तुमच्यासाठी तिथे मसाल्याची ऊन वाइन ठेवलेली असायची. ती बाहेर यायची तेव्हा तुम्ही तिच्या तोंडाकडे कधी पाहिलं नाहीत, पायांकडे बघून विचारायचात, "झोप लागली का महाराजांना?" ती म्हणायची, लागली. मग तुम्ही आत जायचात, त्याला उठवायचात, त्याचं पाप ऐकून त्याला मोकळं करायचात आणि दोन रात्रींनी तोच नोकर तिला बोलवायला यायचा, कधी कधी तुमच्याच होडीतून. एकदा पाऊस होता तर तुम्ही आपला झगा तिच्या अंगावर टाकायला लावलात. तिला सर्दी झाली तर महाराज चिडचिड करतात, म्हणालात. असे तुम्ही. आणि त्याच्या प्रेतासमोर उभे राहून काय बोललात? ती तेव्हा अंथरुणातून उठू शकत नव्हती, पण एमोट जाऊन ऐकून आली आणि तिने तोंडपाठ म्हणून दाखवलं. राजाने वर्षापूर्वीच त्या बाईला दूर केलं. वर्षभर तो कुमारासारखा निर्मळ राहिला. माझ्या हाताखाली निर्मळ होऊन गेला. सगळं देऊळ रडलं म्हणे. आणि त्याच आठवड्यात गनोराच्या हातात ती पोरगी आली, एवढीशी, जांभळट, राजाचे कान घेऊन. तुमचं ते निर्मळ वर्ष तिथेच संपलं. तान्ह्या पोरीने तुम्हाला खोटं पाडलं. म्हणून बाप हवा झाला, दुसरा कुठलाही, दोन पायांचा.

तो बाप आवाराच्या फाटकापाशी उभा होता. हॅमो, राजाच्या पागेतला. आता त्याला पागेचा मुख्य करणार होते. केस पाण्याने चापून बसवले होते, टोपी हातात चुरगाळत होता. हावीसला तो एकदाच आठवत होता: तिच्या घोड्याची रिकीब धरलेला, तोंड वळवून, कारण त्याला पुढचे दात नव्हते आणि त्याची त्याला लाज होती. बायकोमुलं असतील का याला? बायको काय म्हणाली असेल? कालच थर्स्टन एमोटच्या घरी येऊन बसला होता, एमोटने दिलेला मांस भरलेला पाव चवीने खाल्ला होता आणि सरळ बोलला होता. त्याचा हाच गुण होता, तो आडपडदा ठेवायचा नाही. "हॅमो म्हण, उद्या दुपारपर्यंत तू आत. राजा म्हण, मेलेल्या राजाची बदनामी केली म्हणून तुला कुठे टाकतील ते मलाही ठाऊक नाही. गप्प बस, तर इथेच बस, दाराबाहेर, जन्मभर. मेलीस की तूही बाहेर." ती म्हणाली होती, "पोरगी मेलीच आहे. मेलेल्याला बाप कशाला?" थर्स्टन बोटं चाटत म्हणाला होता, "मेलेल्याला नको असतो गं. जिवंतांना हवा असतो." आणि जाताना दारात थांबून, जरा खाली आवाजात, "मातीवर हात ठेवायचाय ना तुला? ठेव. कोण नको म्हणतंय."

"हावीस," ओसबर्ट म्हणाला. "सांगून टाक, पोरी." कुणीतरी नाव मागतंय आणि ती खाली पडलेली आहे, हे यापूर्वी एकदा झालं होतं. गनोरा तिच्या पायांशी बसलेली, बाह्या कोपरापर्यंत, आणि कळ अशी की खोलीच्या भिंती जवळ येत होत्या. लग्नाशिवायचं पोर असलं की सुईणीने आधी नाव काढून घ्यायचं, मग हात लावायचा. तशी तिची शपथच असते. "नाव सांग, नाहीतर मी उठले बघ." हावीस ओरडली होती, राजा. गनोरा थंडपणे म्हणाली होती, "सगळ्यांचा राजाच असतो गं या घटकेला. बाप्तिस्म्याचं नाव सांग." त्या तसल्या कळेत हावीसला हसू आलं होतं, आणि हसण्याच्या त्या धक्क्यानेच पोरगी निम्मी बाहेर आली होती. नंतर मात्र गनोरा हसली नाही. ती घाईघाईने बोलत होती, उजेड आणा म्हणत होती, पोरीला उलटी धरून थोपटत होती. कुणाचा तरी पाय परातीला लागला. मग गनोराने अंधारात चाचपून काहीतरी उचललं, पोरीच्या डोक्यावर ओतलं आणि बाप्तिस्म्याचे ते शब्द पुटपुटले, पाद्री नसला तर सुईणीने म्हणायचे असतात ते. पोरगी त्यानंतर थोडा वेळ होती. मेणबत्ती आणून लावली तेव्हा ती होती. विझायच्या आत नव्हती.

"हॅमो," हावीस म्हणाली.

ऐकू गेलं नाही. थर्स्टनने कानामागे हात धरला. तिने परत म्हटलं, मोठ्याने, आडनावासारखं पागेचं नाव जोडून, जसं शिकवलं होतं तसं, आणि ते म्हणताना तिला वाटलं की जीभ नसून तोंडात कुणीतरी लाकडाचा तुकडा ठेवलाय आणि तोच हलतोय. फाटकाशी हॅमो म्हणाला, "हो. माझंच," आणि टोपी घातली आणि काढली. बायकांत काहीतरी सळसळलं. निराशाच असावी, कारण त्यांना ठाऊक होतं, सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना खरं नाव ऐकायचं होतं. थर्स्टनने मुठीतली टरफलं खिशात टाकली. मग सगळं भराभर झालं. स्तोत्र, पाण्याचे शिंतोडे, ओसबर्टचा हात, तोही गार, आणि उंबरठा. आतला तो वास, मेणाचा, ओल्या दगडाचा, माणसांचा. तिला वाटलं होतं की रडू येईल. आलं नाही. तिला घाई झाली होती. मेणबत्ती वेदीपाशी ठेवताना ती मनातल्या मनात बाजूच्या दरवाजाचं अंतर मोजत होती, तिथून बाहेर, भिंतीच्या कडेने, यूच्या झाडाशी. ओसबर्ट लॅटिन पुटपुटत होता. मग तो थांबला, पुस्तकावरून डोळे पुढे नेले आणि पुन्हा सुरू झाला.

तिच्या लक्षात आलं. या ठिकाणी पाद्री फडकं मागतो. बाप्तिस्म्याला बाळावर जे पांढरं फडकं घालतात ते आईने देवळाला परत द्यायचं. बाळ महिन्याच्या आत गेलं तर त्याला त्यातच गुंडाळतात आणि आई नुसतं म्हणते, बरोबर गेलं. ते दोन शब्द तिने रात्ररात्र पाठ केले होते. "फडकं मागितलं नाहीत, फादर," ती म्हणाली. ओसबर्टने लॅटिनमधून डोकं वर काढलं नाही. "फादर. ते बरोबर गेलं. मला म्हणू द्या ना, बरोबर गेलं म्हणून." मागून एमोट हळूच म्हणाली, "गप गं. फडकं घरी आहे. पेटीत आहे माझ्या."

"घरी कसं?"

"घडी करून ठेवलंय. अगदी स्वच्छ आहे, लागलं नाही की काही नाही." एमोट बोलून गेली आणि मग तिने ओठ आवळले.

"तिला त्यात गुंडाळलं नाही?" हावीस वळली. वेदीकडे पाठ झाली, तशी ती करायची नसते. "वहिनी, तिला कशात गुंडाळलं मग?" एमोट गनोराकडे बघत होती. गनोरा खाली बघत होती आणि तिचे ते मोठे, लाल, कितीतरी जणांना या जगात ओढून आणलेले हात एकमेकांना चोळत होते. "पाणी नव्हतं गं," गनोरा म्हणाली. "परात सांडली होती. मी म्हटलं, उशाशी सुरई आहे, त्यात असेल. बाळंतिणीच्या खोलीत पाणी कोण ठेवतं पण? पाणी पितं कोण या शहरात? ती पातळ बिअर होती. मला सकाळी उजाडल्यावर कळलं. तोवर ती गेली होती. मी परत कुणावर घालू?" तिने नाक पुसलं. "मी फादरना सांगितलं. सांगावंच लागतं. बिअरने होत नाही बाप्तिस्मा. दुधाने होत नाही, थुंकीने होत नाही. होत असता तर मी गप्प नसते का राहिले, पोरी? मी तशी बाई आहे का?"

हावीसने त्या रात्री पोरीच्या कपाळावर ओठ टेकले होते. आंबूस लागलं होतं. तिला वाटलं होतं, नव्या माणसाची चव अशीच असते. महिनाभर ती चव तिने जपली होती, दुसरं काहीच हाताला लागलं नव्हतं म्हणून. आता ती तोंडात आली, तशीच्या तशी, जवाची, आंबलेली, कुठल्याही गुत्त्यातली. आणि तिच्या आतून काहीतरी सुटलं, न दुखता, चिमटीत धरून ओढल्यावर येतं तसं.

"म्हणजे आवारात नाही," ती म्हणाली.

ओसबर्टने पुस्तक मिटलं. "बाप्तिस्मा नसलेल्यांना आवारात घेता येत नाही. तुला ठाऊक आहे. मी सांगणार होतो. मला म्हणाले, आधी नाव होऊ दे."

"मी नाव परत घेते."

"दिलेलं नाव परत घेता येत नाही, बाई," थर्स्टन म्हणाला. तो दारातून आत आला होता, टोपी काढून, व्यवस्थित. "आणि आता नाटक नको. आत आलीस की नाही? आलीस. शब्द पाळला."

"तिला कुणी नेलं?"

"मी नेलं."

"कुठे?"

"जिथे तसली नेतात तिथे. लंडन मोठं आहे."

"ती तसली नाही. तिचे कान ज्याच्यावर गेलेत त्याच्यासाठी वर्षभर रोज मिस्सा म्हणणार आहेत, संगमरवरात निजवलाय त्याला. माझी पोरगी कुठे आहे?"

"मला सांगू नको म्हणून सांगितलंय," थर्स्टन म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने नजर चुकवली. "उगीच बायका फुलं घेऊन जायला लागतात. मग लोक विचारतात, कुणाचं."

एमोट रडायला लागली होती आणि तिला कुणी जवळ घेत नव्हतं. हावीसने डोक्यावरचं पांढरं वस्त्र काढलं, नीट घडी केली आणि ओसबर्टच्या पुस्तकावर ठेवलं. खाली बसली, वेदीपुढच्या फरशीवर, पाय पोटाशी घेऊन. ओसबर्ट म्हणाला की इथे बसता येत नाही. ती म्हणाली, "मला देवळात घेतलंत ना. मी देवळात आहे." मग ती थर्स्टनशी बोलली, आवाज न चढवता. "जा त्यांच्याकडे. होडीने जा, लवकर पोचशील. माझे पाय बघून बोलायचे ते, त्यांना सांग की पाय इथे आहेत आणि हलणार नाहीत. बाप तुम्हाला हवा होता, तो दिला. बाप्तिस्मा झाला की नाही, स्वर्गात घेतात की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा, मी विचारत नाही. मातीचं विचारते. नदीकाठी का, खंदकात का, कुठल्या भिंतीबाहेर, कुठल्या झाडाखाली. तोंडाने सांगायचं, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. कुठे पुरलंत तिला?"